उसने विरजण

सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेला लागले की वळसंग येते. सारा मुलूख ज्वारीचा. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वाटीभर दही पुढे आले, की इकडच्या माणसाचे जेवण पुरे होते. एका घरात मराठी बोलतात, शेजारच्या घरात कानडी. इकडचे दही तिकडे गेले की त्याचे 'मोसरु' होते. पण नाव बदलले तरी विरजण दोन्ही घरांचे एकच असू शकते. कारण दिवेलागणीला एखाद्या घरचे विरजण संपलेले असते आणि वाटी भिंतीपलीकडे जाते.

आता अशाच एखाद्या घरात काय घडते ते पाहा. सकाळी सून म्हणते, "आत्याबाई, दही लागलंच नाही बघा. दूध तसंच पातळ राहिलंय."

सासू विचारते, "विरजण चांगलं होतं ना?"

"होतं की. शेजारच्या काकूंकडचंच आणलं होतं. त्यांचं दही तर कसं घट्ट लागलंय!"

मग सासूबाईंना आठवते. गाईची कास सुजली होती आणि परवाच डॉक्टर येऊन सडात औषध सोडून गेले होते. म्हणाले होते, "इतके दिवस या गाईचं दूध घरात वापरू नका, डेअरीलाही घालू नका." पण एवढे दूध फेकायचे कसे? जीव झाला नाही.

उलगडा झाला. कासदाहावर दिलेल्या औषधाचा अंश दुधात उतरला होता. रोगाच्या जंतूंना मारणारे ते औषध विरजणातल्या गरीब जिवाणूंनाही सोडीना. दही करणारेच उरले नाहीत, तर दही लागणार कसे?

वाचकहो, या न लागलेल्या दह्यात गेल्या सव्वाशे वर्षांचा एक मोठा इतिहास दडलेला आहे. माणसाने जंतूंशी वैर केले, मग काही जंतूंशी मैत्री केली. आणि या दोहोंच्या मध्ये जंतूंनी आपापसांत एक उसनवारी चालवली, तिचा हा इतिहास. तो समजून घेणे आपल्याला भाग आहे, कारण त्याची किंमत आपल्या घरातल्या तान्ह्या लेकरांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सर्वांना मोजावी लागत आहे.

आरंभ आपल्या मुंबईपासूनच करू. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, ते आजही आहे.

या हाफकिनचे गुरू होते इल्या मेचनिकॉव्ह. ओडेसा शहरात हाफकिन त्यांच्या हाताखाली शिकले, आणि पुढे दोघेही पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. मौज पाहा. शिष्य मुंबईला येऊन जंतूंशी झुंजत होता, आणि गुरू पॅरिसमध्ये बसून सांगू लागला होता, की सगळेच जंतू वैरी नाहीत. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरने आपल्या देशातल्या दह्यातला जिवाणू ओळखून काढला. मेचनिकॉव्ह यांनी तो धागा पकडला. बल्गेरियातले खेडूत आंबट दूध खातात आणि दीर्घायुषी होतात, तेव्हा दह्यातले आम्ल करणारे जिवाणू आतड्यातल्या सडवणाऱ्या जिवाणूंना आवर घालत असले पाहिजेत, असे त्यांनी १९०७ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. पुढल्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते दह्यासाठी नव्हे, रक्तातल्या भक्षक पेशींच्या शोधासाठी. दह्याने आयुष्य वाढते हे काही सिद्ध झाले नाही. स्वतः मेचनिकॉव्ह रोज आंबट दूध घेत आणि १९१६ साली ७१व्या वर्षी वारले. पण त्यांचा मूळ विचार वाया गेला नाही.

तो विचार पुढे आला तो पहिल्या महायुद्धात. १९१७ साली जर्मनीतले डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांनी एक सैनिक पाहिला. त्याच्या भोवतीचे सोबती आमांशाने आडवे झाले होते. याला मात्र काही झाले नव्हते. निस्ले यांनी त्याच्या आतड्यातला एक जिवाणू वेगळा काढला. तो होता ई. कोलाय या सर्वांच्या पोटात राहणाऱ्या जातीचा, पण निरुपद्रवी आणि खमका. तो रोगजंतूंना जागाच देत नव्हता. शरीराला उपकारक ठरणाऱ्या अशा जिवंत जिवाणूंना आज आपण 'प्रोबायोटिक' म्हणतो.

पण त्यानंतर थोड्याच वर्षांत जगाचे लक्ष दुसरीकडे वळले. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धात ते औषध भरपूर प्रमाणात तयार होऊ लागले. ज्या न्यूमोनियाने, ज्या पिकलेल्या जखमेने माणूस हटकून जायचा, तो उठून बसू लागला. आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. खेड्यातल्या माणसाच्या तोंडी 'पेनिसिलिनची सुई' हा शब्द आला तो त्या काळात. त्या सुईने लाखो प्राण वाचवले, हे विसरून चालणार नाही.

मात्र फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच सावध केले होते. औषध अपुरे घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट ते औषध पचवायला शिकतात, असे त्यांचे सांगणे होते. हे शिकणे एकेका जंतूपुरते आणि त्याच्या वंशापुरते राहील, असेच तेव्हा बहुतेकांना वाटत होते. बापाची जमीन मुलाला मिळावी, तसा हा वारसा. पण जंतूंना वारशाखेरीज आणखी एक वाट ठाऊक होती.

ती वाट जपानमध्ये उघडकीला आली. महायुद्धानंतर तिथे आमांशाने कहर केला होता. प्रथम सल्फाची औषधे दिली. थोड्या वर्षांत ती लागू पडेनाशी झाली. मग स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही नवी औषधे आली. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका स्त्रीच्या पोटात आमांशाचा असा जंतू सापडला, की तो या चारही औषधांना दाद देत नव्हता. एक वेळ एका औषधाला तोंड द्यायला जंतू शिकेल. पण चारही विद्या एकदम? शिवाय डॉक्टरांना आणखी एक कोडे पडले. एकाच रोग्याच्या पोटात औषधाला बळी पडणारा आणि न पडणारा, असे आमांशाचे दोन्ही जंतू सापडत. आणि त्याच पोटातला निरुपद्रवी ई. कोलायदेखील त्याच चार औषधांना पुरून उरलेला असे.

१९५९ साली तोमोइचिरो अकिबा आणि कुनितारो ओचिआइ या दोन जपानी शास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे कोडे सोडवले. औषधाला न जुमानणारा ई. कोलाय आणि औषधाला बळी पडणारा आमांशाचा जंतू त्यांनी एकत्र वाढवले. थोड्या वेळाने पाहतात तो आमांशाचा जंतूही औषधाला जुमानेना! साध्या, गरीब शेजाऱ्याने आपली विद्या त्याला देऊन टाकली होती.

मंडळी, ही देवघेव होते कशी ते आता समजून घेऊ. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी हे मुलांना जरूर सांगावे. जिवाणूच्या अंगात त्याच्या मुख्य जनुकांचा एक लांब धागा असतो. त्यालाच डीएनए म्हणतात. पण पुष्कळ जिवाणूंजवळ त्याखेरीज डीएनएची एक लहानशी वेगळी कडी असते. तिला 'प्लाझमिड' म्हणतात. हे नाव अमेरिकेतले शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली सुचवले. दोन जिवाणू एकमेकांना भिडून जनुके देतात, हेही त्यांनी आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ सालीच दाखवले होते. अशी कडी असलेला जिवाणू एक बारीक तंतू बाहेर काढतो आणि शेजाऱ्याला जवळ ओढतो. मग कडीच्या दुहेरी धाग्यापैकी एक धागा शेजाऱ्याच्या अंगात सरकतो. दोघेही आपापल्या एकेरी धाग्याला जोडीचा धागा विणून घेतात. सोलापूरकरांना विणकाम काय सांगायचे! शेवटी कडी दोघांजवळही पुरी होते.

म्हणजे हे अगदी विरजणासारखे झाले. काकूंनी वाटीत चमचाभर विरजण दिले म्हणून त्यांचे दही कमी होत नाही, आणि घेणाऱ्याच्या घरी गाडगेभर दही होते. मग ती घेणारीही उद्या तिसरीला विरजण देऊ शकते. जंतूंच्या कडीचेही तसेच. देणाऱ्याचे काही जात नाही, घेणारा मालक होतो, आणि पुढे तोही दाता होतो. यात जातही आड येत नाही. ई. कोलाय वेगळा, आमांशाचा जंतू वेगळा, तरी दोघांची उसनवार चालते. एकाच कडीवर चार-चार औषधांवरचे तोडगे असले, तर ते चारही एका खेपेत पोचतात.

ही देवघेव कुठे चालते? सांडपाण्यात चालते, उकिरड्यावर चालते, आणि सर्वांत दाट वस्ती असते ती माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात. तिथे एरवी शेकडो जातींचे जिवाणू दाटीवाटीने नांदत असतात. आपण प्रतिजैविक घेतले, की निम्मा बाजार उठतो आणि ज्यांच्याजवळ ती कडी आहे तेच मागे राहून वाढतात. गरज नसताना घेतलेली गोळी हे काम फुकटात करून देते.

याचा दाखला दूर जपानातच शोधायला नको. २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रोग्याच्या लघवीत एक जंतू सापडला. हा रोगी आधी नवी दिल्लीत रुग्णालयात राहून गेला होता. फार ठेवणीतली म्हणून राखलेली कार्बापेनेम औषधेही त्या जंतूपुढे हरली. त्याच्या जनुकाला एनडीएम-१ असे नाव पडले. तेच जनुक त्याच रोग्याच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही मिळाले, म्हणजे उसनवार शरीरातच झाली असावी. पुढे मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी आपल्याकडचा हिशेब मांडला. कार्बापेनेमला दाद न देणारे आतड्याच्या कुळीतले २४ जंतू त्यांनी तपासले, त्यांपैकी २२ जंतूंत हे जनुक होते. अशा जंतूने एखाद्याचे रक्त नासवले, तर डॉक्टरच्या हातात फारच थोडी औषधे उरतात. हा धोका शहरातल्या मोठ्या इस्पितळापुरता नाही. तिथून बरा होऊन घरी येणारा माणूस आपल्याच गावचा असतो.

आता मेचनिकॉव्हच्या दह्याकडे परत येऊ. आतड्यातले उपकारक जिवाणू ही उसनवार थांबवू शकतील काय? अलीकडच्या संशोधनाने या प्रश्नाला हात घातला आहे, आणि उत्तर मोठे विचार करायला लावणारे आहे.

फ्रान्समधल्या संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात त्यांनी कडी देणारे आणि घेणारे, असे दोन्ही जिवाणू सोडले. देवघेव सुरू झाली. पण ज्या उंदरांच्या पोटात आधी बिफिडोबॅक्टेरिया वसवले होते, त्यांच्यात ती बरीच घटली. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात जे जिवाणू प्रामुख्याने असतात, ते हेच बिफिडोबॅक्टेरिया. हे असे का व्हावे? उपकारक जिवाणू आम्ल तयार करतात, आणि त्या आंबट वातावरणात घेणारे आणि देणारे दोघेही फोफावत नाहीत. ते जागा अडवतात, अन्न खाऊन टाकतात. देवघेवीला दोघे भिडावे लागतात. गर्दीत हे दोघे एकमेकांना गाठच पडत नाहीत. २०१२ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी याची दुसरी बाजू दाखवली. उंदरांचे आतडे सुजलेले असताना रोगजंतू आणि ई. कोलाय यांच्यातली कडीची देवघेव जोरात वाढते. आतडे शांत, वस्ती भरलेली, तर उसनवार कमी. आतडे सुजलेले, वस्ती उठलेली, तर उसनवार जास्त.

एवढ्यावरून "रोज दही खा आणि निर्धास्त राहा" असे सांगून मी रजा घेतली असती, तर तुम्हालाही बरे वाटले असते. पण ते खरे नव्हे.

पहिली गोष्ट, मित्र म्हणून घरात घेतलेला जिवाणू स्वतःच ती कडी बाळगून असेल तर? २००७ सालीच असे दिसून आले, की लॅक्टोबॅसिलसच्या काही वाणांनी उंदरांच्या आतड्यात आपली औषधविरोधी जनुके दुसऱ्या जिवाणूंना देऊन टाकली. जगात विकल्या जाणाऱ्या एका प्रोबायोटिक जिवाणूजवळ अशा दोन कड्या आढळल्या. २००८ साली शास्त्रज्ञांनी त्या काढून टाकून त्याचा निर्मळ वाण तयार केला. बियाणे घेताना आपण तणाचे बी निवडून टाकतो, तसेच हे.

दुसरी गोष्ट, वेळ. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले, की प्रतिजैविकांचा मारा झाल्यावर बाजारातले प्रोबायोटिक दिले, तर माणसाची स्वतःची जिवाणूंची वस्ती पूर्ववत होण्यास उलट उशीर लागतो. २०२१ साली त्यांनी त्यापुढची गोष्ट सांगितली. प्रतिजैविक न घेतलेल्या काही लोकांत प्रोबायोटिकमुळे औषधविरोधी जनुकांचा साठा घटला. पण प्रतिजैविकांनंतर दिले तेव्हा तो साठा वाढलेला दिसला. एकच उपाय, माणूस आणि वेळ बदलली की फळ बदलते. तेव्हा गोळीबरोबर आणखी एक प्रोबायोटिकची पुडी घ्यावी की नाही, हे डॉक्टरला विचारूनच ठरवावे.

आणि तिसरी गोष्ट आशेची. ओडिशाच्या १४९ खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बालकांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम या जिवाणूचा नीट पारखून घेतलेला वाण आणि त्याला पोसणारी एक शर्करा दिली. रक्तातला जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण इतर बालकांत शेकडा ९ होते. या बालकांत ते शेकडा ५.४ वर आले. जिथे आजारच कमी, तिथे प्रतिजैविक कमी; आणि जिथे प्रतिजैविक कमी, तिथे जंतूंच्या उसनवारीला निमित्तही कमी. पण आयाबायांनो, एक इशारा ध्यानात ठेवा. तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पारखलेल्या जिवाणूवर झाला होता. तान्ह्या बाळाला घरचे दही-ताक चाटवायचे नाही. सहा महिने आईचे दूधच, दुसरे काही नाही. बिफिडोबॅक्टेरियाची वस्ती तेच दूध वसवते.

मग घरच्या दह्याचे काय? ते अन्न म्हणून उत्तमच आहे. ते खावे, मुलांना द्यावे. पण आपल्या गाडग्यातल्या जिवाणूंची कुणी पारख केलेली नाही. म्हणून त्याला औषध म्हणू नये. जेवणातले दही हे जेवणच आहे.

आपल्या हाती आहे ते याहून साधे आहे. सर्दी-पडशाला प्रतिजैविक मागू नये. तो विषाणूचा आजार, त्यावर ते चालतच नाही. डॉक्टरने दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्यावे; उरलेल्या गोळ्या शेजारणीला 'तुलाही हेच होतंय' म्हणून देऊ नयेत. विरजण उसने द्यावे, गोळी देऊ नये! कोंबड्या आणि जनावरे लवकर वाढावीत म्हणून औषध चारू नये. कोलिस्टिन हे ठेवणीतले औषध जनावरांच्या खाद्यात घालण्यास आपल्या सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याचसाठी. आणि शौचानंतर हात धुणे, पाणी स्वच्छ राखणे ही जुनी शिकवण आहेच. पोटातली कडी दुसऱ्याच्या पोटात पोचते ती बहुधा हाता-पाण्याच्या वाटेने.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गातल्या एका मुलीला घरून विरजण आणायला सांगा. तिच्याकडून दुसरीने न्यावे, दुसरीच्या दह्यातून तिसरीने, असे सात घरे जाऊ द्या. आठवड्याने विचारा, पहिलीच्या घरचे दही कमी झाले का? मुले हसतील, "नाही!" म्हणतील. तेव्हा सांगा, की औषधाला न जुमानण्याची विद्याही जंतूंमध्ये अशीच पसरते. पुस्तकातले चित्र मुले विसरतील. हे विसरणार नाहीत.

आणि त्या घरी शेवटी काय झाले? सासूबाईंनी ते पातळ दूध ओतून टाकायला लावले. जिवावर आले, पण टाकले. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरल्यावर संध्याकाळी सुनेच्या हाती वाटी देऊन म्हणाल्या, "जा, काकूंकडनं विरजण घेऊन ये. आता दही लागेल."